लॉइड्सचा समभाग आणि ब्रेक्झिटची साडेचार वर्षे

राजकीय अनिश्चितता बँकेच्या समभागावर कशी उतरते आणि त्या समभागात स्वतःची बचत ठेवणाऱ्या सामान्य माणसाला त्याची किती किंमत मोजावी लागते, हे तपासण्यासाठी लॉइड्स बँकिंग ग्रुपइतके स्वच्छ उदाहरण ब्रिटनमध्ये दुसरे नाही. लंडन शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या बँकांपैकी एचएसबीसी आणि स्टँडर्ड चार्टर्ड यांची कमाई मुख्यतः आशियातून येते आणि बार्क्लेजचा अमेरिकेत मोठा व्यवसाय आहे. लॉइड्सचे जवळजवळ सगळे उत्पन्न मात्र ब्रिटनमधूनच येते. हॅलिफॅक्स, बँक ऑफ स्कॉटलंड आणि विमा व निवृत्तिवेतन क्षेत्रातील स्कॉटिश विडोज ही नावे याच समूहाची आहेत आणि देशातील गृहकर्जांचा साधारण पाचवा हिस्सा याच समूहाने दिलेला आहे. त्यामुळे लॉइड्सचा समभाग विकत घेणे म्हणजे ब्रिटिश घरांच्या किमती, ब्रिटिश नोकऱ्या आणि बँक ऑफ इंग्लंड या मध्यवर्ती बँकेचे व्याजदर या तिन्हींवर एकाच वेळी पैसे लावणे होय.

ब्रेक्झिट म्हणजे ब्रिटनचे युरोपीय संघातून बाहेर पडणे. प्रस्तुत प्रकरणाचा काळ संघात राहावे की बाहेर पडावे यावरील २३ जून २०१६ च्या सार्वमतापासून, बाहेर पडल्यावरही जुने नियम चालू ठेवणारा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपेपर्यंतचा आहे. आधीचा थोडा आणि नंतरचा थोडा भाग संदर्भापुरता घेतला आहे. लंडनमध्ये समभागांचे भाव पेन्समध्ये सांगितले जातात आणि शंभर पेन्सचा एक पौंड होतो, एवढे ध्यानात ठेवले की पुढील आकडे अवघड जाणार नाहीत.

भागधारक कोण होते

२००८ च्या आर्थिक संकटात लॉइड्सने बुडू लागलेली एचबीओएस ही बँक ताब्यात घेतली, त्या ओझ्याखाली ती स्वतःच वाकली आणि ब्रिटिश सरकारला २०.३ अब्ज पौंड ओतून तिचा ४३.४ टक्के हिस्सा विकत घ्यावा लागला. सरकारला हा समभाग सरासरी ७३.६ पेन्सला पडला होता आणि हा आकडा पुढे अनेक वर्षे राजकारणात ‘करदात्याची खरेदी किंमत’ म्हणून वावरत राहिला.

सरकारबरोबर या बँकेचे वीस लाखांहून अधिक छोटे भागधारकही होते. त्यांतील पुष्कळांनी आयुष्यात कधी समभाग विकत घेतलेला नव्हता. हॅलिफॅक्स ही मुळात सभासदांच्या मालकीची गृहकर्ज संस्था होती. १९९७ मध्ये तिचे कंपनीत रूपांतर झाले तेव्हा सभासदांना समभाग फुकट मिळाले, ते पुढे एचबीओएसचे आणि शेवटी लॉइड्सचे झाले. असा भागधारक भाव रोज पाहत नाही, त्याला वर्षातून दोनदा येणारा लाभांश समजतो. तो लाभांश २००९ मध्ये थांबला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये, समभागामागे ०.७५ पेन्स इतक्या माफक रकमेने, पुन्हा सुरू झाला. २०१५ या वर्षासाठी साधा लाभांश २.२५ पेन्स आणि वर विशेष म्हणून ०.५ पेन्स जाहीर झाले, तेव्हा बँक मार्गावर आली आहे असे मानायला जागा होती.

याच वातावरणात, ऑक्टोबर २०१५ मध्ये, अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी सरकारच्या उरलेल्या हिश्श्यापैकी किमान २ अब्ज पौंडांचे समभाग थेट जनतेला विकण्याची योजना जाहीर केली. अटी आकर्षक होत्या. बाजारभावावर ५ टक्के सवलत होती, समभाग वर्षभर न विकता ठेवल्यास दर दहा समभागांमागे एक समभाग मोफत मिळणार होता (या बक्षिसाची कमाल मर्यादा माणशी २०० पौंड होती) आणि १,००० पौंडांपेक्षा कमी रकमेच्या अर्जांना प्राधान्य होते. विक्री २०१६ च्या वसंत ऋतूत व्हायची होती. जानेवारीत जगभरचे शेअर बाजार कोसळू लागले तेव्हा ऑस्बर्न यांनी ती पुढे ढकलली. मग २० फेब्रुवारीला पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी सार्वमताची तारीख जाहीर केली.

२४ जून आणि त्यानंतरचा सोमवार

मतदानाच्या दिवशी बाजाराचा कौल ‘राहू’ या बाजूने होता. सट्टेबाजांचे दर तेच सांगत होते, पौंड त्या रात्री दीड डॉलरच्या वर गेला होता आणि लॉइड्सचा भाव ७२ पेन्सच्या आसपास बंद झाला होता. पहाटेपर्यंत ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडल्याचे स्पष्ट झाले. त्या दिवशी पौंड १.३२ डॉलरपर्यंत, म्हणजे १९८५ नंतरच्या नीचांकापर्यंत घसरला. लॉइड्स एका दिवसात २१ टक्के पडून ५७ पेन्सवर आला. बार्क्लेज आणि रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड, म्हणजे आरबीएस, साधारण १८ टक्क्यांनी घसरल्या. शनिवार-रविवारच्या सुट्टीत घबराट ओसरेल असे ज्यांना वाटत होते त्यांना सोमवारी आणखी एक धक्का बसला. लॉइड्स आणखी दहा टक्के घसरून ५१ पेन्सवर बंद झाला आणि बार्क्लेज व आरबीएस यांच्या समभागांचे व्यवहार बाजाराच्या स्वयंचलित यंत्रणेने काही मिनिटांपुरते थांबवले.

लॉइड्सचे सुमारे ७१ अब्ज समभाग होते. १५ पेन्सची घसरण म्हणजे एका शुक्रवारी १० अब्ज पौंडांहून अधिक बाजारमूल्य नाहीसे झाले. त्याच दिवशी एचएसबीसी मात्र जेमतेम दीड टक्क्याने खाली आला आणि वर्षअखेरीस तो सार्वमतापूर्वीच्या भावाच्या बराच वर होता, कारण त्याची कमाई डॉलर आणि हाँगकाँग डॉलरमध्ये होती आणि पौंड जितका पडेल तितकी ती पौंडांत जास्त दिसत होती. शंभर मोठ्या कंपन्यांचा एफटीएसई १०० निर्देशांक आठवड्याभरात पूर्वपदावर आला, तोही मुख्यतः याच कारणाने, आणि अनेक वृत्तपत्रांनी त्यावरून ‘बाजार सावरला’ असे मथळे दिले. देशांतर्गत कंपन्यांचा भरणा असलेला एफटीएसई २५० पहिल्या दिवशी ७ टक्क्यांनी खाली आला होता. तो पाहणाऱ्याला तसे वाटले नसते.

मुंबईतही त्या शुक्रवारी सेन्सेक्स व्यवहारादरम्यान हजार अंशांहून अधिक घसरून अखेर ६०५ अंशांनी खाली बंद झाला. ज्या समभागांना जास्त मार बसला त्यांत जॅग्वार लँड रोव्हरची मालक टाटा मोटर्स होती, म्हणजे तेथेही फटका ज्याचे उत्पन्न ब्रिटनशी बांधलेले होते त्यालाच बसला.

एवढी घसरण कशामुळे

बँकेचे भांडवल तिच्या पसाऱ्याच्या मानाने फार पातळ असते. लॉइड्सने दिलेली कर्जे आणि इतर मालमत्ता मिळून सुमारे ८०० अब्ज पौंड होती आणि भागधारकांचे भांडवल ५० अब्जांपेक्षा कमी होते. मालमत्तेच्या किमतीत केवळ एक टक्का घट झाली, तरी भागधारकांच्या वाट्याचा सहावा भाग जातो. त्यामुळे अर्थव्यवस्थेविषयीची थोडीशी शंकाही बँकेच्या समभागात कित्येक पटींनी मोठी होऊन दिसते.

त्यात भर पडली व्याजदरांची. मंदीच्या शक्यतेने बँक ऑफ इंग्लंड दर कमी करणार हे उघड होते आणि दर खाली गेले की ठेवींवर द्यायचे व्याज व कर्जावर मिळणारे व्याज यांतील अंतर आकसते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. ४ ऑगस्ट २०१६ रोजी मूळ दर अर्ध्या टक्क्यावरून पाव टक्क्यावर आणलाही गेला. तिसरी भीती घरांच्या किमतींची होती. खुद्द ब्रिटनच्या अर्थखात्याने मतदानापूर्वी प्रसिद्ध केलेल्या अंदाजात, बाहेर पडल्यास दोन वर्षांत घरांच्या किमती अन्यथा असत्या त्यापेक्षा १० ते १८ टक्क्यांनी कमी राहतील आणि पाच लाखांहून अधिक नोकऱ्या जातील, असे म्हटले होते. देशातल्या सर्वांत मोठ्या गृहकर्जदात्या बँकेच्या भागधारकाने हे वाचून स्वस्थ बसावे अशी अपेक्षा करता येत नाही.

चर्चा मात्र सर्वाधिक झाली ती ‘पासपोर्टिंग’ची, म्हणजे लंडनमधील परवान्यावर युरोपभर वित्तीय सेवा विकण्याच्या हक्काची. गंमत अशी की लॉइड्सला या हक्काची गरज सर्वांत कमी होती. बर्लिनमध्ये उपकंपनी काढून तिने तो प्रश्न फारसा गाजावाजा न होता सोडवला. वृत्तपत्रांतील वादाचा विषय आणि भागधारकाच्या खऱ्या धोक्याचा विषय हे वेगळे असू शकतात, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो.

बँकेचे प्रत्यक्षात काय झाले

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. लॉइड्सचा करपूर्व नफा २०१५ मध्ये १.६ अब्ज पौंड होता, २०१६ मध्ये तो ४.२ अब्ज झाला, २०१७ मध्ये ५.३ अब्ज आणि २०१८ मध्ये जवळजवळ ६ अब्ज. यातील पहिली मोठी उडी पूर्वी चुकीच्या पद्धतीने विकलेल्या कर्जविम्याच्या भरपाईसाठीच्या तरतुदी कमी झाल्यामुळे आहे, हे मान्य करायला हवे, परंतु मूळ व्यवसायाचे आकडेही हेच सांगतात. व्याजातील अंतर आकसण्याऐवजी वाढले. ते २०१५ मधील २.६३ टक्क्यांवरून २०१८ मध्ये २.९३ टक्क्यांवर गेले. व्याजदर घसरताच बँकेने ठेवीदारांना द्यायचे दर त्याहून वेगाने खाली आणले, बँक ऑफ इंग्लंडने बँकांना स्वस्त दराने निधी देण्याची योजना आखली आणि एमबीएनए हा क्रेडिट कार्डाचा व्यवसाय १.९ अब्ज पौंडांना विकत घेतल्याने जास्त व्याजाची कर्जे ताळेबंदात आली. बुडीत कर्जांसाठीची तरतूद २०१६ मध्ये दर शंभर पौंडांच्या कर्जामागे फक्त १५ पेन्स होती आणि २०१८ मध्येही ती २१ पेन्सच्या पुढे गेली नाही. बेरोजगारी वाढण्याऐवजी २०१८ च्या अखेरीस ४ टक्क्यांपर्यंत उतरली होती.

भागधारकांच्या हातात पडणारा लाभांशही चढत गेला. २०१६ साठी २.५५ पेन्स आणि वर अर्धा पेनी, २०१७ साठी ३.०५ आणि २०१८ साठी ३.२१ पेन्स. २०१८ च्या अखेरीस भाव ५२ पेन्सच्या आसपास होता, म्हणजे त्या भावावर लाभांशाचा उतारा ६ टक्क्यांहून अधिक पडत होता, तर बँक ऑफ इंग्लंडचा दर पाऊण टक्का होता. समभागामागे कमाई ५.५ पेन्स असल्याने भाव एका वर्षाच्या कमाईच्या साडेनऊ पटच होता. नफा वाढत असताना भाव दोन वर्षांपूर्वीच्या पातळीपेक्षा खालीच अडकलेला होता.

म्हणजे अनिश्चिततेचा घाव भावावर पडला, कमाईवर पडला नाही. हे विधान फक्त लॉइड्सपुरते आणि फक्त २०१६ ते २०१९ पुरते खरे आहे. यावरून बाजार मूर्ख होता असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. २८ नोव्हेंबर २०१८ रोजी बँक ऑफ इंग्लंडने कराराविना आणि गोंधळात बाहेर पडण्याच्या सर्वांत वाईट शक्यतेचे चित्र मांडले. त्यात घरांच्या किमती ३० टक्क्यांनी पडतील, अर्थव्यवस्था ८ टक्क्यांनी आकसेल आणि व्याजदर साडेपाच टक्क्यांवर जाईल असे गृहीत धरले होते. असे झालेच तर बँका तरतील, असेही त्याच मांडणीत होते. पण ‘बँक तरेल’ आणि ‘भागधारकाचा पैसा शाबूत राहील’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. घटना घडली नाही म्हणून ती घडण्याची शक्यता नव्हती असे होत नाही, आणि त्या शक्यतेचे मोल समभागाच्या भावातूनच वजा होत होते.

संसदेच्या तालावर

२०१८ च्या शरदापासून २०१९ च्या अखेरीपर्यंत लॉइड्स आणि आरबीएस यांचे समभाग बँकेच्या निकालांपेक्षा वेस्टमिन्स्टरमधील मतांच्या आकड्यांवर अधिक हलले. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी पंतप्रधान थेरेसा मे यांच्या युरोपीय संघाशी केलेल्या कराराच्या मसुद्यावरून ब्रेक्झिट मंत्री डॉमिनिक राब यांनी राजीनामा दिला आणि त्या दिवशी आरबीएस ९ टक्क्यांहून अधिक पडला. १५ जानेवारी २०१९ रोजी मे यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला, त्यानंतर मार्चमध्ये आणखी दोनदा. बाहेर पडण्याची तारीख २९ मार्चवरून १२ एप्रिल, तेथून ३१ ऑक्टोबर आणि अखेर ३१ जानेवारी २०२० अशी सरकत गेली. जुलैत बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले, कराराविना बाहेर पडण्याची भाषा तीव्र झाली आणि ऑगस्टमध्ये लॉइड्स ५० पेन्सच्या आसपास घुटमळत होता.

मग १० ऑक्टोबर २०१९ रोजी जॉन्सन आणि आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर यांची लिव्हरपूलजवळील ‘विरल’ नावाच्या ठिकाणी भेट झाली आणि करार होऊ शकेल असे दोघांनी सूचित केले. दुसऱ्या दिवशी लॉइड्स सुमारे १२ टक्के आणि आरबीएस सुमारे १७ टक्के वर गेला. बँकेने त्या दिवशी कोणताही निकाल जाहीर केला नव्हता, एकाही कर्जदाराने एक हप्ता जास्त भरला नव्हता. १२ डिसेंबरच्या निवडणुकीत हुजूर पक्षाला ८० जागांचे बहुमत मिळाले तेव्हा दुसऱ्या सकाळी हेच दृश्य थोड्या कमी प्रमाणात पुन्हा दिसले.

अशा चढउतारांच्या काळात खासगी गुंतवणूकदाराला एक मोह हमखास होतो, आणि तो म्हणजे पुढच्या मतदानाचा अंदाज बांधून आधी समभाग घ्यायचा किंवा विकायचा. हा डाव त्याच्या हिताचा नव्हता. लंडनमध्ये खरेदीवर अर्धा टक्का मुद्रांक शुल्क लागते, दलालाची फी वेगळी जाते आणि मोठी हालचाल बहुधा बाजार उघडतानाच होऊन गेलेली असते. १० ऑक्टोबरच्या संध्याकाळी बातमी ऐकणाऱ्या माणसाला ११ तारखेच्या सकाळी जुना भाव मिळत नव्हता. एवढे करूनही, १५ ऑक्टोबर २०१८ रोजी कोणी अचूक भाकीत केले असते की करार तीनदा फेटाळला जाईल, पंतप्रधान बदलेल आणि वर्षभराने देश अजून आतच असेल, तरी त्या भाकितातून लॉइड्सचा भाव काय असेल हे काढता आले नसते.

राजकारणाचे सावट एवढे दाट होते की बँकेच्या स्वतःच्या अडचणी त्यात झाकल्या गेल्या. चुकीच्या पद्धतीने विकलेल्या पीपीआय या कर्जविम्याच्या भरपाईपोटी लॉइड्सला एकंदर २१ अब्ज पौंडांहून अधिक मोजावे लागले. ऑगस्ट २०१९ मध्ये दाव्यांची मुदत संपताना अर्जांचा असा लोंढा आला की सप्टेंबरात बँकेला त्या वर्षीची १.७५ अब्ज पौंडांची समभाग पुनर्खरेदी मध्येच थांबवावी लागली. भाव का पडला, असे त्या महिन्यात कोणाला विचारले असते तर बहुतेकांनी ब्रेक्झिट असे उत्तर दिले असते.

हजार पौंडांचा हिशेब

ऑस्बर्न यांची जनतेसाठीची विक्री ठरल्याप्रमाणे झाली असती तर काय झाले असते, हे मांडून पाहणे उद्बोधक आहे. समजा, २०१६ च्या वसंतात बाजारभाव ७० पेन्स आहे. पाच टक्के सवलतीने समभाग ६६.५ पेन्सला पडतो आणि हजार पौंडांत १,५०३ समभाग मिळतात. सार्वमतानंतरच्या सोमवारी, ५१ पेन्स या भावाने, त्यांची किंमत ७६७ पौंड होते. सरकारने ‘सुरक्षित’ म्हणून विकलेल्या समभागात पहिल्याच दोन-तीन महिन्यांत चौथा हिस्सा बुडाला, अशी तक्रार घरोघरी झाली असती.

हाच माणूस वर्षभर थांबला असता तर त्याला १५० समभाग बक्षीस मिळाले असते. मे २०१७ मध्ये भाव पुन्हा ७० पेन्सच्या आसपास होता, म्हणजे १,६५३ समभागांचे १,१५७ पौंड झाले असते आणि शिवाय लाभांशाचे पंचेचाळीसेक पौंड हातात आले असते. ऑगस्ट २०१९ मध्ये ते समभाग पुन्हा ८२६ पौंडांवर असते. तोवरचे आणि त्या शरदातला शेवटचा लाभांश धरून त्याला एकंदर सुमारे १७० पौंड मिळाले असते, म्हणजे साडेतीन वर्षांनंतर हजाराचे जवळजवळ हजारच. सप्टेंबर २०२० मध्ये भाव २४ पेन्सवर आला तेव्हा समभागांची किंमत ४०० पौंडांहून कमी असती.

समभाग तोच, खरेदीची किंमतही तीच, तरी विकण्याची तारीख बदलली की निकाल पूर्ण उलटा होतो. ज्याला जुलै २०१६ मध्ये घराचा बयाणा द्यायचा होता त्याचे नुकसान खरे होते. ज्याला काही घाई नव्हती त्याला त्या आठवड्यात केवळ आकडे लाल दिसले.

एका टोपलीतली अंडी

खासगी गुंतवणूकदाराचे खरे नुकसान भावाच्या चढउतारापेक्षा त्याच्या संपत्तीच्या रचनेतून झाले, असे माझे मत आहे. लॉइड्सच्या नोकरीत असलेला, कर्मचारी योजनेतून समभाग साठवलेला, बँकेच्याच कर्जावर घर घेतलेला आणि निवृत्तीची शिल्लक पौंडांत ठेवणारा माणूस डोळ्यांसमोर आणावा. सार्वमताचा निकाल लागला तेव्हा त्याचे घर, समभाग आणि बचतीचे मोल एकाच वेळी धोक्यात आले, आणि जुलैच्या अखेरीस बँकेने आणखी ३,००० नोकऱ्या कमी करण्याची आणि २०० शाखा बंद करण्याची घोषणा केली तेव्हा त्याची नोकरीही त्याच यादीत आली. ब्रिटनमध्ये माहिती तंत्रज्ञानात किंवा रुग्णालयात काम करणाऱ्या आणि पुण्याला किंवा कोल्हापूरला पैसे पाठवणाऱ्या मराठी कुटुंबांनाही याची एक बाजू लगेच कळली, कारण २३ जूनला शंभर रुपयांच्या आसपास असलेला पौंड दुसऱ्या दिवशी ९३ च्या जवळ होता. ज्यांनी त्याच पगारातून आयसा या करमुक्त खात्यात ब्रिटिश बँकांचे समभाग घेतले होते त्यांना रुपयांत मोजल्यास दुहेरी फटका बसला.

उलट ज्याने तेवढ्याच रकमेचे लॉइड्स आणि एचएसबीसी अर्धे-अर्धे घेतले होते, त्याची वर्षअखेर बरी गेली. दोन्ही बँका होत्या, दोन्हींचे मुख्यालय लंडनमध्येच होते. वैविध्य म्हणजे कंपन्यांची संख्या नव्हे, कमाई कोणत्या देशातून आणि कोणत्या चलनात येते हे पाहायला हवे. दहा ब्रिटिश बँका, घरबांधणी कंपन्या आणि किराणा साखळ्या घेऊन ठेवणाऱ्याने दहा नावांनी एकच पैज लावली होती.

ज्यांनी समभागांना जोखमीचे मानून व्यापारी इमारतींत पैसे गुंतवणारे फंड निवडले होते त्यांची गत वेगळीच झाली. ४ जुलै २०१६ रोजी स्टँडर्ड लाइफने आणि लगोलग अविवा, एम अँड जी आणि इतरांनी आपापल्या मालमत्ता फंडांतून पैसे काढणे स्थगित केले. इमारती एका दिवसात विकता येत नाहीत आणि रांगेतल्या सगळ्यांना एकाच वेळी पैसे हवे होते. लॉइड्सचा भागधारक ५१ पेन्सला का होईना, पण त्याच दिवशी बाहेर पडू शकत होता. भाव रोज दिसतो म्हणून समभाग धोकादायक वाटतात आणि भाव रोज दिसत नाही म्हणून इमारतींचे फंड स्थिर वाटतात, हा समज त्या आठवड्यात अनेकांना महाग पडला.

मोठा भागधारक आणि छोटा भागधारक

ऑक्टोबर २०१६ मध्ये नवे अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी जनतेसाठीची विक्री रद्दच केली आणि सरकारकडे उरलेला ९ टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा दलालामार्फत रोज थोडा थोडा बाजारात विकण्याचे ठरवले, ७३.६ पेन्सपेक्षा कमी भाव मिळाला तरी. १७ मे २०१७ रोजी शेवटचा समभाग विकला गेला. सरकारने २१.२ अब्ज पौंड परत मिळाल्याचे, म्हणजे गुंतवणुकीपेक्षा सुमारे ९० कोटी पौंड अधिक आल्याचे जाहीर केले. आठ वर्षांत त्या पैशावर भरलेल्या व्याजाचा त्यात हिशेब नव्हता, ही टीका योग्यच होती.

तरीही सरकारने जे केले ते समजून घेण्यासारखे आहे. त्याने एकाच दिवसाच्या भावावर भिस्त ठेवली नाही. आधीचे मोठे हिस्से २०१३ आणि २०१४ मध्ये ७५ पेन्सच्या आसपास विकले होते, मधल्या काळात ४० कोटींहून अधिक पौंड लाभांश घेतला होता आणि शेवटचा भाग अनेक महिन्यांत पसरवून विकला, ज्या काळात भाव ५३ पेन्सवरून ७० पर्यंत चढला. छोट्या गुंतवणूकदाराला दरमहा ठरावीक रकमेची खरेदी किंवा विक्री करून हेच करता येते आणि त्यासाठी अर्थखाते लागत नाही. मात्र सरकारला भाव पाहून झोप उडत नाही आणि कर्जाचा हप्ताही चुकत नाही, हा फरक राहतोच.

२०२० मध्ये हिशेबाची पाटीच पुसली गेली. ३१ जानेवारीला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, तेव्हा आता अनिश्चितता सरेल आणि भाव चढेल अशी आशा धरून अनेकांनी वर्षानुवर्षे समभाग सांभाळले होते. दोन महिन्यांत कोविडची टाळेबंदी आली, नियामकाच्या सांगण्यावरून ३१ मार्चला मोठ्या बँकांनी आधीच जाहीर केलेले लाभांशही रद्द केले आणि लॉइड्सचा २.२५ पेन्सचा अंतिम लाभांश भागधारकांपर्यंत पोहोचलाच नाही. २४ डिसेंबर २०२० रोजी युरोपशी व्यापार करार झाला. ब्रेक्झिटच्या ज्या स्पष्टतेची साडेचार वर्षे वाट पाहिली ती आली त्या आठवड्यात लॉइड्सचा भाव ३६ पेन्सच्या आसपास, म्हणजे मतदानाच्या दिवशीच्या निम्मा होता.

आरबीएसने २०२० मध्ये नॅटवेस्ट हे नाव घेतले आणि तिच्यात सरकारचा हिस्सा बराच काळ राहिला. २०२४ च्या उन्हाळ्यात तो जनतेला विकण्याची तयारी झाली होती. २२ मे रोजी ऋषी सुनक यांनी निवडणूक जाहीर केली आणि ती विक्री थांबली. सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी सवलतीपोटी करदात्याचे पैसे जातील असे सांगून ती रद्दच केली. निवडणूक जाहीर झाली तेव्हा सव्वातीन पौंडांच्या आसपास असलेला समभाग मे २०२५ अखेर सरकार पूर्णपणे बाहेर पडले तेव्हा पाच पौंडांच्या वर होता. या वेळी राजकारणाने छोट्या गुंतवणूकदाराची हुकवलेली संधी नफ्याची निघाली. तोच समभाग दरम्यान रोज बाजारात खुलेपणाने मिळत होता, मात्र तो घेण्यासाठी सवलत नव्हती, बक्षीस नव्हते आणि कोणत्याही मंत्र्याची जाहिरात नव्हती.